उपवासाचं बटण

सकाळी चहाच्या आधी, तोंडात काही पडलेलं नसताना, नळीत एक लांब श्वास सोडायचा. काम एवढंच. शमशाद मुलाणीने ते यंत्र खंडागळ्यांच्या फडताळावर ठेवलं, वायर जोडली, स्वतः फुंकून दाखवलं, तेव्हा अंकुश खंडागळे खो खो हसत सुटला.

"अवो शमशादताई, बावीस वर्सं झाली नवरंग ब्रास बँडमदी क्लारनेट फुकतोय. फुकल्याचं पैसं सरकार देनार म्हंजे माझी लॉटरीच की!"

"फुंकल्याचे नाही, अंकुशभाऊ. भुकेचे," शमशाद म्हणाली. कासारमाळच्या एकशे चाळीस घरांत ही यंत्रं बसवायचं आणि सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. तिने अंकुशच्या बायकोला, वैजयंताला, पुढे बोलावलं, कारण पैसे घरातल्या बाईच्याच खात्यात जमा होणार होते आणि अंगठाही तिचाच लागणार होता. वैजयंता पदराला हात पुसत आली, अंगठा दिला आणि परत चुलीपाशी गेली.

भूक मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं? आपण जेवलो की अन्नातली साखर रक्तात उतरते आणि उरलेली यकृत साठवून ठेवतं. ही शिल्लक रात्रभर पुरते, फार तर दिवसभर. ती संपली की शरीर अंगातली चरबी जाळायला घेतं. चुलीतलं जळण बदललं की धूरही बदलतो, तसंच इथे होतं. चरबी जळताना ॲसिटोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो. फार उपाशी माणसाच्या तोंडाला उतरलेल्या फळासारखा जो वास येतो, तो त्याचाच. नळीच्या आत केसाहूनही पातळ असा एक थर होता. ॲसिटोनचे कण त्यावर बसले की त्यातून वाहणारी वीज किंचित बदलायची, आणि समोरच्या माणसाला पोटभर जेवून किती वेळ झाला ते यंत्राला कळायचं. मधुमेह असलेल्याचा किंवा रात्री दारू प्यालेल्याचा श्वास ते वेगळा काढायचं. घरातल्या कुणाही एकाचा श्वास लागोपाठ दोन सकाळी उपाशी निघाला, की दुपारपर्यंत आठवड्याच्या किराण्याची रक्कम खात्यात.

रेशनचं धान्य बंद होऊन त्याच्या जागी ही 'अन्नदिलासा' योजना आली होती. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, असलं काही नको. कागद खोटं बोलतो, पोट बोलत नाही, असं योजना आखणाऱ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काही नव्हती. फक्त एक गोष्ट त्या भल्या माणसांच्या ध्यानात आली नव्हती. यंत्राला भूक कळायची, भुकेचं कारण कळायचं नाही. आणि आपल्याकडे जेवायला नसणं आणि न जेवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची लाज वाटते, दुसरीचं पुण्य लागतं.

गावाने चार दिवसांत यंत्राचं नाव 'फुंकणी' ठेवून टाकलं.

खंडागळ्यांचं घर लग्नसराईवर चालायचं. तुळशीचं लग्न लागलं की बँडच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या, त्या ज्येष्ठापर्यंत. मग आषाढी एकादशी आली की देव झोपायचा आणि अंकुशच्या घरची कमाईही त्याच्याबरोबर झोपायची. पूर्वी गणपतीच्या मिरवणुका असायच्या, पण त्या डीजेने केव्हाच पळवल्या होत्या. त्या चार महिन्यांत अंकुश मिळेल ती मजुरी करायचा, वैजयंता डाळिंबाच्या बागेत जायची, तेही बागवाल्याने बोलावलं तर. चौदा वर्षांची तेजल शाळेत जायची आणि घोड्यासारखी वाढत होती.

याच चार महिन्यांत वैजयंताचे उपवास असायचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; शिवाय एकादशी, चतुर्थी आणि मध्येच कुठलं तरी व्रत. आठवड्यातले निम्मे वार तिने देवांना वाटून टाकले होते. साबुदाणा, भगर तिला चालायची नाही. "माझा कडक असतोय," म्हणायची आणि अंकुशच्या ताटात भाकरी वाढून पाणी प्यायची. अंकुशला बायकोचा मोठा अभिमान होता. आपण लग्नांत लोकांना नाचवणारी माणसं, पण घरात बाई देवभक्त, एवढं म्हणताना त्याची मान ताठ व्हायची.

फुंकणी आल्यानंतरचा पहिला आषाढ. एकादशी होऊन आठवडा झाला नसेल, तोच वैजयंताच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा निरोप आला. तिने तो तीनदा वाचला. त्या संध्याकाळी घरात ज्वारी आली, तूरडाळ आली, तेल आलं, सहा अंडी आली. तेजलने दोन अंडी एकटीने खाल्ली. वैजयंताही जेवली.

"काय गं, आज गुरुवार ना?" अंकुशने विचारलं.

"उद्यापन केलं," वैजयंता म्हणाली आणि आणखी एक भाकरी मोडली.

अंकुशला मोठी मौज वाटली. बायको देवासाठी उपाशी राहते, यंत्राला वाटतं घरात अन्न नाही, आणि सरकार पैसे धाडतं! महिन्याभरात असं तीनदा झालं. घराचा रंग बदलला. किराणा दुकानदार वैजयंताला 'वैनी' म्हणू लागला. तिने कुणालाही न विचारता तेजलला शाळेचे बूट घेतले. तेजलचे केस गळायचे थांबले. आणि एके दिवशी क्लारनेटच्या तोंडातली वेताची रीड बदलायची म्हणून अंकुशला बायकोपुढे हात पसरावा लागला. तिने एका शब्दाने न विचारता पैसे दिले, पण त्याला ते कुठेतरी टोचलंच. सोळा वर्षं घरात पैसे आणणारा तो होता.

माणसाला आपण गरीब आहोत असं कबूल करण्यापेक्षा आपण हुशार आहोत असं सांगणं फार सोपं जातं. अंकुशने तेच केलं. चावडीपुढच्या हॉटेलात चहा पिता पिता त्याने सगळ्यांना गंमत सांगितली.

"आमच्या घरात कमी न्हाई काय. पर बायकोचं उपास! फुंकनीला काय कळतंय, ती म्हनती ही उपाशी. धडाधडा पैसं!"

हॉटेलभर हशा पिकला. त्या हशाने अंकुशला बरं वाटलं. त्याने ती गंमत शेजारच्या दोन गावांतही सांगितली.

व्हायचं तेच झालं. निम्मा श्रावण सरला आणि कासारमाळला कधी नव्हे ती भक्ती सुटली. ज्यांनी आयुष्यात एकादशी पाळली नाही ते सोमवार धरू लागले. दुमजली घरातले लोकही सकाळी नळीला तोंड लावून बसले. निम्म्यांची फजितीच झाली, कारण आपला उपवास म्हणजे एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, रताळी, केळी पोटात गेल्यावर शरीराला साखरेची काय कमी? चरबीला हात लावायची वेळच येत नाही आणि ॲसिटोन तयार होत नाही. फुंकणीने त्यांना सरळ 'पोट भरलेलं' ठरवलं. पण उरलेले निम्मे खमके होते. त्यांनी नुसत्या पाण्यावर दोन दिवस काढले, पैसे घेतले आणि तिसऱ्या दिवशी मटण आणलं.

तालुक्याला हे कळायला वेळ लागला नाही. पुढच्या चैत्रात शमशाद पुन्हा घरोघर फिरली आणि प्रत्येक यंत्राला एक हिरवं बटण बसवून गेली. आता फुंकणीच्या आत पंचांग भरलेलं होतं. उपवासाच्या दिवसानंतरच्या सकाळी ती विचारायची, "काल उपवास होता का?" बटण दाबलं की तो श्वास हिशेबातून बाद. न दाबलं आणि श्वास उपाशी निघाला, तर त्या माणसाने ग्रामसभेत उभं राहून सांगायचं, की हा उपवास नव्हता, घरात अन्नच नव्हतं. एकदा सांगितलं की पुढे वर्षभर विचारणा नाही.

शमशादने हे समजावून सांगितलं तेव्हा अंकुश मान डोलावत होता. खोडी आपणच काढली होती, हे त्याला मनातून खात होतं. आता तरी सरळ वागायचं असं त्याने ठरवून टाकलं.

आषाढी गेली. द्वादशीच्या सकाळी वैजयंता फुंकणीपुढे उभी राहिली. यंत्राने प्रश्न विचारला. तिचा हात पुढे गेला नाही.

"दाब की," मागून अंकुश म्हणाला. "देवाच्या नावानं खोटं बोलू नये. गेल्या साली झालं ते झालं."

वैजयंताने वळून त्याच्याकडे बघितलं. तिने बटण दाबलं.

त्या पावसाळ्यात खात्यावर एकदाही पैसे आले नाहीत. बागवाल्याने फवारणीला ड्रोन आणले होते, त्यामुळे बाया कमी लागत होत्या. अंकुशला आठवड्यातून दोन दिवस खडीच्या ट्रॅक्टरवर काम मिळायचं. वैजयंताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. ती हंडा उचलताना भिंतीला हात लावू लागली. "उपासानं आंग हलकं झालंय," ती म्हणायची, आणि अंकुश ते खरं मानायचा. मानायला सोपं होतं.

शमशाद महिन्याला यंत्र तपासायला यायची. एका माणसाचा श्वास दुसऱ्याला सांगायचा नाही, नवरा असला तरी नाही, अशी तिला सक्त ताकीद होती. ती यंत्रातले आकडे बघत बराच वेळ बसली. मग निघताना दारात थांबून म्हणाली, "अंकुशभाऊ, आमचा रोजा रोज संध्याकाळी सुटतो. वैनींचा कधी सुटतो?"

"ती कडक हाय, ताई," अंकुश कौतुकाने म्हणाला.

शमशादने त्याच्याकडे असं बघितलं की तो दिवसभर अस्वस्थ राहिला. पण का, ते काही त्याला उमगलं नाही.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी सकाळी अंकुश चहा घेऊन उंबऱ्यावर बसला होता. आत तेजल फुंकणीपुढे उभी होती. "काल उपवास होता का?" यंत्राने विचारलं आणि तेजलने बटण दाबलं.

"आगं, ते का दाबलंस?" वैजयंता चुलीपासून ओरडली. "तुला कसला उपास?"

"तुला होता तोच."

"काल मैत्रिणीकडं जेवून आलीस म्हनालीस की!"

"नव्हते जेवले." तेजलचा आवाज अगदी शांत होता. "भाकरी तीन होत्या. दोन पप्पांच्या, एक माझी. तू म्हणालीस तुझा सोमवार आहे. मग मी म्हटलं मी मैत्रिणीकडे जेवले. तुला मी भाकरी ठेवली होती आई, झाकून. तू ती सकाळी पप्पांना दिलीस."

वैजयंताने मारायला हात उगारला आणि तो तसाच वर राहिला.

"कुनी शिकवलं तुला हे?"

"तूच."

अंकुशच्या हातातला चहा गार होत होता. त्याने सकाळीच ती भाकरी खाल्ली होती, तिखट-मीठ लावून. भाकरी कुणाची, असा प्रश्नही त्याच्या मनात आला नव्हता. आता मात्र एकेक गोष्ट त्याच्यापुढे येऊन उभी राहू लागली. वैशाखात, सुपाऱ्या जोरात असताना, तो लग्नाघरची बुंदी आणि पुऱ्या डब्यात भरून आणायचा. वैजयंता सोमवारीही खायची, शनिवारीही खायची, बोटं चाटून खायची. वैशाखात महादेव नसतो की काय? सोळा वर्षं तिचे सगळे देव बँड बंद झाला की जागे व्हायचे आणि बँड सुरू झाला की गप्प बसायचे, आणि हे त्याला एकदाही दिसलं नव्हतं. पहिल्या वर्षी फुंकणी फसली नव्हतीच. आख्ख्या गावात त्याच्या बायकोचा श्वास तेवढा तिला बरोबर कळला होता. तिच्या तोंडचं खरं त्याने हॉटेलात विनोद करून वाटून टाकलं होतं, आणि उरलेलं स्वतः मागे उभं राहून त्या हिरव्या बटणाखाली दाबलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

तेजल शाळेला गेल्यावर तो आत येऊन बसला.

"वैजू, मी शमशादताईकडं जातो. ग्रामसभेत सांगू आपन."

"काय सांगनार?" वैजयंता उसळली. "का आंकुशच्या बायकोला खायला मिळत न्हाई म्हनून? उपाशी बाईला गाव हिंग लावून इचारत न्हाई. उपास करनाऱ्या बाईच्या पाया पडत्यात. सोळा वर्सं देवानं माझी लाज राखली. ती आता चावडीवर मांडू?"

"तुझी लाज कसली त्यात? माझी हाय."

"तुमची न् माझी काय येगळी हाय?"

अंकुश म्हणाला, "पोरगी शिकली गं वैजू. उद्या तिच्या घरात ती असंच पानी पिऊन झोपंल, आन् तिचा नवरा गावात सांगत फिरंल बायको लई देवाची म्हनून."

वैजयंताने त्याच्याकडे पाठ केली आणि रिकाम्या टोपल्यातलं पीठ झटकत बसली.

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. अंकुश एकटाच गेला. वैजयंताने येणार नाही म्हणून सांगितलं होतं. पण सभा सुरू झाल्यावर त्याने बघितलं, तर बायकांच्या घोळक्यात अगदी मागे, तेजलचा हात धरून ती उभी होती.

अंकुशने तक्रार आधीच नोंदवली होती; शमशादने त्याचं नाव पुकारलं. तक्रार करणाऱ्या घराचे आकडे सभेपुढे उघडायचे असा नियम होता, म्हणून ते तिने सरपंचांपुढे ठेवले. सरपंच विलासराव बाबरांच्या घरानेही गेल्या वर्षीच्या श्रावणात दोन दिवस पाण्यावर काढले होते, पण आता चष्मा लावून ते न्यायाधीश झाले होते.

"आंकुश, गेल्या साली तूच सांगत हुतास, बायकोचं उपास हायती म्हनून. आता म्हनतोस उपास नव्हतं. कुटलं खरं धरायचं?"

"आताचं."

"बरं. घरात अन्न नव्हतं म्हनतोस. मग ह्यात तुझा श्वास बघ. रोज भरल्या पोटाचा! एक दिस उपाशी न्हाई गडी. असं कसं रं?"

पटांगणात कुजबुज झाली, कुणीतरी हसलं. अंकुशच्या ओठावर थाप तयार होती. ट्रॅक्टरवाला जेवण देतो म्हणता आलं असतं. लोकांनी ते मानलंही असतं.

"कारन मी जेवत हुतो," तो म्हणाला. "ती वाढायची, मी जेवायचो. भाकरी असंल तेवढी माझ्या न् पोरीच्या ताटात. ती म्हनायची उपास हाय. मला बरं वाटायचं."

मागून वैजयंताचा आवाज आला. तिला एवढ्या माणसांत बोलताना गावाने कधी ऐकलं नव्हतं.

"त्यास्नी ठावं नव्हतं सरपंच. त्यांचा दोष न्हाई. मीच कदी सांगितलं न्हाई."

"ठावं नव्हतं," अंकुश तिच्याकडे न बघता म्हणाला. "पर इचारलं का म्या कदी? टोपल्यात भाकरी किती हायत ते बगायला नुसतं वाकावं लागतंय. सोळा वर्सांत वाकलो न्हाई."

सरपंचांनी चष्मा काढून पुसला. बायकांच्या बाजूला दोघीतिघींनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता, आणि त्या कुणाच्या घरच्या होत्या ते बघायला त्यांच्या नवऱ्यांनी माना वळवल्या नाहीत.

शमशाद वही घेऊन वैजयंतापाशी गेली.

"वैनी, अंकुशभाऊंनी सांगून चालत नाही. नियमाने तुमच्या तोंडून यावं लागतं." तिने आवाज हळू केला, पण पटांगणात इतकं शांत होतं की तो सगळ्यांना ऐकू गेला. "काल उपवास होता का?"

वैजयंताने तेजलकडे बघितलं. पोरगी आईचं तोंड बघत होती, डोळेही न मिटता.

"न्हाई," वैजयंता म्हणाली. "काल घरात दोनच भाकरी हुत्या."

"आणि परवा? मागचेही सांगा. सगळे दुरुस्त करून घेते. कधीपासूनचं लिहू?"

"लगीन झाल्यापास्नं लिवा."